लॉट नंबर सत्तावीस आजारी आहे

सकाळी अकराला डॅरेनचा मेसेज आला.
मेलबर्नला तेव्हा चार वाजून गेलेले.
'टॉवेल सिक आहेत, मेट.'

ड्रॉवरमधून डिक्शनरी काढली,
हलकुडे सरांनी क्लासच्या शेवटच्या दिवशी दिलेली.
सिक : आजारी. मळमळणारा.
माझ्या पोटात तेच सुरू झालं.
मग मेट पाहिलं.
मेट : जोडीदार. पती किंवा पत्नी.
पशुपक्ष्यांतील नर किंवा मादी.
डिक्शनरी मिटली. आधी टॉवेल बघू.

गोडाऊनात त्याच लॉटच्या सहा पेट्या होत्या,
सहाही फोडल्या.
इरेशमास्तरांनी टॉवेल नाकाला लावला,
ब्लीचचा वास नाही.
दारातल्या उन्हात ताणून धरला,
एक धागा सुटेना.
चावून बघायचं तेवढं राहिलं.
शेवटी म्हणाले, 'आजारी म्हंजे काय बे?
ताप मोजायचा का टॉवेलचा?'

मी माफीचं पत्र लिहायला बसले.
विथ रेफरन्स टू, वुई डीपली रिग्रेट,
सरांनी घोकून घेतलेलं सगळं कामाला आलं.
चार ओळींत तीनदा सर लिहिलं.

दोनला शेठचा पुतण्या आला, प्रणीत,
पुण्याला हॉस्टेलात राहून आलेला.
हसून हसून पेटीवरच बसला.
'अगं, सिक म्हणजे खतरनाक!'
आणि खतरनाक म्हटल्याबरोबर
पॅकिंगच्या बायकांपर्यंत सगळ्यांना कळलं.
एकीनंही विचारलं नाही, धोका कुठाय म्हणून.

घरात तेलुगू बोलते मी, अम्माच्या विड्यांच्या सुपाशी.
नळावर कन्नड. रिक्षात हिंदी,
तीही कुठल्या पुस्तकात सापडणार नाही अशी.
या कुणी शिकवल्या नाहीत, अंगावर पडत गेल्या.
इंग्रजी तेवढी कन्ना चौकात, जिन्यावरच्या खोलीत,
महिना साडेतीनशे भरून घेतलेली.
सरांनी दिली ती इस्त्री करून दिली.
चुरगळलेली मी कधी बघितलीच नव्हती.

शाळेत बाई म्हणायच्या, बे एके बे.
बाहेर पोरं म्हणायची, काय बे, चल बे.
कितीतरी वर्षं मला तो एकच शब्द वाटायचा :
बे म्हणजे दोन,
म्हणून एकट्यानं म्हणता येत नाही.
पुण्याहून आलेल्या पाहुण्याला तो शिवीसारखा लागतो.
इथं ज्यानं रोजचं बे सोडलं
त्याच्या घरी अम्मा विचारायला लावते,
काही बिनसलंय का रे तुमचं?
डिक्शनरीवाल्याला हे कोण सांगणार.
मलाच विचारलं असतं त्यानं, तर
मीही लिहिलं असतं : बे, संख्या, दोन.

संध्याकाळी लूमचा आवाज उतरला.
ते पान मी पुन्हा उघडलं.
जोडीदार. नर किंवा मादी.
समासात पेन्सिलनं लिहिलं : बे.
पेन्सिलनं अशासाठी की
चुकलं तर सरांना दिसू नये.

माफीचं पत्र खोडलं.
डॅरेनला लिहिलं, 'थँक यू.'
बोट तिथंच रेंगाळलं.
मग पुढं दोन अक्षरं टाकली, बी आणि ई,
आणि विचार करायच्या आत पाठवली.

तिकडं रात्र झालेली.
तीन टिंबं आली, नाचली, गेली.
पुन्हा आली.
'बी व्हॉट?'

बिचारा थांबला होता,
पुढचा शब्द यायचाय असं वाटून.
मी नक्की काय व्हायला सांगतेय त्याला,
खूश, सावध, की वेळेवर?

दारातून इरेशमास्तर विचारत होते,
पेट्या बांधू ना परत?
'बांधा की बे,' म्हणून गेले.
साठीच्या माणसाला.
मास्तर क्षणभर बघत राहिले,
आणि टेप शोधायला वळले.
डॅरेनची टिंबं अजून नाचत होती.